जूचंद्रला विकलेला एक माईक

दुकानाची पायरी चढून आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "घरी गाणं रेकॉर्ड करायचंय. स्वस्तात चांगला माईक कुठला?"

मी विचारायचे, "घर कुठे आहे?"

माणूस गोंधळायचा. माईक घ्यायला आलोय, घराचा पत्ता कशाला हवा? पण माझे प्रश्न संपायचे नाहीत. खिडकी रस्त्यावर आहे का? वरच्या मजल्यावर कोण राहतं? पंखा कुरकुरतो का? कुकर किती वाजता लागतो? काही जण चिडायचे. एका निवृत्त बँकवाल्यांनी मला सुनावलं होतं, "मॅडम, मी मुलीसाठी स्थळ बघायला आलेलो नाही."

वसई रोडला, पश्चिमेकडे, एका इमारतीच्या जिन्याखालच्या गाळ्यात माझं दुकान होतं. माईक, केबल, पिना, स्टँड विकायचे आणि बिघडलेले माईक दुरुस्त करायचे. अशा दुकानात बाई बसलेली बघून लोक आधी आत डोकावायचे, मालक कुठे आहेत ते बघायला. मालक मीच, हे कळल्यावर अर्धे बाहेर पडायचे. राहिलेल्या अर्ध्यांवर मी अकरा वर्षं दुकान चालवलं.

हे काम मी शिकले कारखान्यात. लग्न होऊन राजापूरकडून नवघरला आले तेव्हा यजमान मुंबईत नोकरीला होते. सकाळी सातला जायचे, रात्री नऊला यायचे. फ्लॅट नवा होता, आणि दिवसभर त्याच्या भिंती बघण्यापलीकडे मला काम नव्हतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, पूर्वेला औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात बायका घेतायत. तिथे माईक बनायचे. मंडपवाले, भजनी मंडळं, शाळा, देवळं, चर्च यांना लागतात तसले.

माईक म्हणजे काय हे तिथे मला उघडून बघायला मिळालं. आत प्लास्टिकचा एक पातळ पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. त्याला मागून तांब्याच्या तारेची गुंडाळी चिकटवलेली असते. तार केसाहून बारीक. ती गुंडाळी लोहचुंबकाच्या खाचेत कुठेही न घासता तरंगत राहिली पाहिजे. आपण बोललो की पडदा हलतो, गुंडाळी हलते, आणि तारेत अगदी थोडी वीज तयार होते. ती वीज म्हणजे आपला आवाज. यापलीकडे त्यात जादू नाही. ती गुंडाळी चिकटवायचं काम पुरुषांच्या बोटांना जमत नसे, म्हणून आम्ही बाराजणी. तीन वर्षांनी मला तपासणीवर बसवलं. गोणपाट ठोकलेल्या एका खोपटात बसून प्रत्येक माईकमध्ये बोलायचं, "एक, दोन, तीन, चार", आणि हेडफोन कानाला लावून ऐकायचं. संध्याकाळी घरी आल्यावर मला कोणाशी बोलावंसं वाटत नसे.

पुढे बाहेरून बटणाएवढे माईक यायला लागले. प्लास्टिकचे, हलके, आमच्या मालाच्या पावपट किमतीचे. एकदा मालकांनी असल्या माईकांचे खोके आणले आणि आम्हाला त्यांवर आमच्या कारखान्याची पट्टी चिकटवायला बसवलं. बारा वर्षं ज्या बोटांनी तार लावली, माईक तपासले, त्याच बोटांनी आम्ही पट्ट्या लावल्या. वर्षभरात कारखाना बंद झाला. शेवटचा पगार नाही म्हणून मालकांनी माल उचलायला सांगितलं. मी आमचे वीस माईक उचलले, स्वतः तपासलेले, निवडून निवडून. त्यातूनच दुकान सुरू झालं.

हे सगळं सांगते आहे कारण पुढे जे झालं त्याचं मूळ यात आहे. त्या बटणाएवढ्या माईकांवर माझा राग होता. दुकानात ते ठेवावे लागत, कारण गिऱ्हाईक मागत असे. पण मी ते काउंटरच्या कोपऱ्यात, पिना आणि चिकटपट्ट्यांच्या डब्याजवळ ठेवायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "ते खेळणं आहे."

दोन हजारच्या आसपास घराघरात कॉम्प्युटर आले आणि नवं गिऱ्हाईक सुरू झालं. कोणाला हार्मोनियमवर अभंग रेकॉर्ड करायचे असत, कोणाला मुलीचं लग्न ठरायच्या आधी तिचं गाणं. सगळ्यांना वाटे, मोठा, चकचकीत, स्टुडिओतला माईक घेतला की आवाजही स्टुडिओसारखा येणार. मी सांगायचे, माईक ढोबळमानाने दोन जातींचे. एक आमचा, पडदा आणि गुंडाळीवाला. तो जवळचंच ऐकतो. तोंडापासून चार बोटांवर धरलात तर तुमचा आवाज घेतो, बाकीच्या जगाकडे दुर्लक्ष करतो. दुसरा कंडेन्सर. त्याला बाहेरून वीज द्यावी लागते आणि तो फार तिखट कानाचा. खोली शांत असेल तर सोनं. आपल्याकडे खोली शांत नसते.

ते बँकवाले माझं न ऐकता मुंबईहून कंडेन्सर घेऊन आले. महिन्याभराने चेहरा पाडून दुकानात उभे. त्यांनी जुनी भावगीतं म्हटली होती आणि त्यामागे शेजारच्या वहिनी फोनवर बोलताना ऐकू येत होत्या. बोलणं त्यांच्या गाण्याबद्दलच होतं. मी त्यांना आमच्यातला माईक दिला. पुढे पाच वर्षं ते दर दिवाळीला मला नवी सीडी देत राहिले.

पापडीकडचे एक क्वायर मास्टर होते. नाताळची गाणी घरीच रेकॉर्ड करायची म्हणून त्यांनी खोलीच्या चारी भिंतींना गोधड्या टांगल्या, खिडक्या बंद केल्या आणि सहा जणांना आत उभं केलं. तेव्हा आमच्याकडे दिवसातून सहा-सहा तास वीज जायची. वीज नसली की सगळीकडे कशी शांतता, पण कॉम्प्युटर बंद. वीज आली की एकदम सगळे पंप, मिक्सर, टीव्ही सुरू. हे बिचारे वीज यायची वाट बघत त्या गोधड्यांत उभे राहिले आणि एक बाई चक्कर येऊन पडल्या. मी गोधड्या काढायला लावल्या, आमचा माईक दिला आणि सगळ्यांना त्याला खेटून उभं राहायला सांगितलं. झालं काम.

असं चार-पाच वेळा झालं की माणसाला वाटायला लागतं, आपलं उत्तर कायमचं बरोबर आहे.

वनिता आली ती गणपतीच्या पंधरा दिवस आधी. दुकानात मंडळांची पोरं केबलसाठी ताटकळत होती. ती बाजूला उभी राहिली आणि गर्दी सरल्यावर पुढे आली. अडतीस-चाळीसची असेल. खांद्याला कंपनीची पिशवी, कामावरून परस्पर आलेली.

"मॅडम, माईक पायजे. कॉम्प्युटरला लागनारा. जास्त म्हाग नको."

"गाणार कोण?"

"आमची आय. म्हंजे सासू. ती धवलारीन हाय."

मला शब्द माहीत नव्हता. तिने सांगितलं. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणणारी बाई ती धवलारीण. हळदीला, मांडवाला, पाणी आणायला, प्रत्येक विधीला तिचं गाणं असतं. भटजी आले नाहीत तर खोळंबत नाही, पण धवलारणीवाचून लग्न लागत नसे. तिची सासू हिरूबाय जूचंद्रची. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिने आसपासच्या गावांतली लग्नं लावली होती. लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळं डोक्यात.

"तिच्या गल्याला गाठ झालीय. कॅन्सर," वनिता म्हणाली. "मुंबईच्या हॉस्पिटलानं तारीख दिलीय. आवाजाची पेटीच काढनार हायेत."

"किती दिवस आहेत?"

"बारा."

तिने बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. नवऱ्याने, तो टेम्पो चालवायचा, एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. त्यावर रेकॉर्ड कसं करायचं ते ती स्वतःच शिकली होती. फक्त माईक नव्हता.

मी माझे प्रश्न सुरू केले. घर कुठे? गावात, पुढे रस्ता, ट्रक जातात. मागे? मागे मिठागर. वर काय? पत्रा. शेजारी? शेजारी वेल्डिंगचं दुकान. माझं उत्तर तयार झालं. मी आतल्या कपाटातून आमच्या कारखान्याचा माईक काढला. वीसपैकी तो शेवटून दुसरा होता. कॉम्प्युटरला लागेल अशी छोटी पिन मी तिथल्या तिथे केबलला झाळून दिली.

"हा बाहेरचं काही ऐकणार नाही. तोंडापासून चार बोटांवर धरायचा. हा माझ्या हातचा आहे," मी म्हटलं.

वनिताने तो हातात घेऊन वजन बघितलं. मग कोपऱ्यातल्या बटणाच्या माईककडे बोट केलं. "आनि ह्यो? साडीला लावाचा?"

"ते खेळणं आहे."

"स्वस्त हाय. दोन्ही घेऊन ठेवू का?"

"कशाला उगाच पैसे घालवतेस? आजारपण आहे घरात. एक पुरे."

ती एक घेऊन गेली.

घराबद्दल मी सगळं विचारलं होतं. गाणाऱ्या बाईबद्दल काही विचारलं नव्हतं. तिचा आवाज आत्ता किती उरलाय, ती कशी बसून गाते, माईक तोंडापुढे धरलेला तिला चालेल का. रोज माईक विकणारी मी, आणि माईकपुढे कोण बसणार आहे याचा विचार माझ्या मनात आला नाही.

पाचव्या की सहाव्या दिवशी तिचा दुकानात फोन आला. समोर तीन मंडळांचे लोक उभे होते आणि सगळ्यांना आजच हवं होतं.

"मॅडम, आयचा आवाज लय बारीक येतोय. मोठा केला का मागून सूंऽ वाजतंय."

"माईक जवळ घ्या. चार बोटं सांगितली होती ना?"

"आय ऐकत नाय. लोखंड तोंडाजवल नको बोलते. ती हलत हलत गाते."

"मग समजवा त्यांना. जवळ घेतल्याशिवाय येणार नाही."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

वसई रोडहून जूचंद्रला जायला मला एक तास पुरला असता. दुकानाचं शटर ओढायचं, कोपऱ्यातलं ते बटण पर्समध्ये टाकायचं आणि जायचं. हे मी तेव्हापासून किती वेळा मनात केलंय त्याची मोजदाद नाही. प्रत्यक्षात मी फोन ठेवला आणि म्हटलं, "हां, बोला, किती मीटर केबल?"

गणपती झाले, नवरात्र आलं. एका दुपारी वनिता सीडी घेऊन आली. हिरूबायचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. जीव वाचला होता.

"तुमी ऐका," ती म्हणाली. "तुमच्याकडे काय मशीन असंल तर साफ करा."

मी हेडफोन लावला. आधी सू असा आवाज, नळ थोडा उघडा राहिल्यासारखा, सतत. त्याच्या खूप मागे एक बाई गात होती. गात होती एवढंच कळत होतं. चाल कळत होती. मध्येच ती पुढे झुकली असावी, तेव्हा दोन-तीन शब्द एकदम स्वच्छ यायचे, खरखरीत, जाड, मिठासारखा आवाज. मग ती पुन्हा मागे जायची आणि शब्द त्या सूमध्ये बुडायचे. बाहेरचा ट्रक ऐकू येत नव्हता. वेल्डिंग ऐकू येत नव्हतं. मी जे सांगितलं होतं ते माझ्या माईकने चोख केलं होतं.

वनिताने सांगितलं कसं झालं ते. हिरूबाय पाटावर बसायची, एक हात कानावर, डोळे मिटून, डुलत. माईक समोर स्टुलावर, हातभर लांब. आवाज गाठीने आधीच दबलेला. दोन कडवी म्हटली की दम लागायचा, पाणी प्यायची, पुन्हा सुरू. बारा दिवसांत तिने हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं लग्न एकटीने गायलं.

"आनि एक हाय, मॅडम. पितरांचं आवतन," वनिता म्हणाली. "लग्नाला घरचे मेलेले लोक बोलवाचे असतात. एकेकाचं नाव घेऊन. त्यो धवला लग्न नसताना म्हनाचा नसतो. उगाच कनाला बोलवाचं त्यांना? आय तयारच नव्हती. मी पाया परले तवा दहाव्या दिवशी तिनं दिवा लावला आनि एकदाच बोलली. त्यो हलूच म्हनाचा असतो. एकदम हलू."

मी ती फाईल शोधून लावली. साडेसात मिनिटं. सुरुवातीला काडी ओढल्याचा आवाज आला, तो मात्र स्पष्ट होता. मग साडेसात मिनिटं सू. कान फाटेल इतका आवाज वाढवला तेव्हा त्यात काहीतरी हलल्यासारखं वाटलं, पाण्याखाली मासा हलावा तसं.

त्या कॉम्प्युटरला माझा माईक पुरणारच नव्हता. आमच्या माईकची वीज फार थोडी. मंडपातल्या मोठ्या मशीनला ती पुरते, कॉम्प्युटरच्या त्या छोट्या भोकाला पुरत नाही. जोरकस गाणारा माणूस चार बोटांवर बसला तर निभावतं. म्हणून बँकवाल्यांचं निभावलं. ते बटणाचं खेळणं मात्र कॉम्प्युटरकडूनच वीज घेतं आणि त्याच्याचसाठी बनलेलं असतं. ते हिरूबायच्या पदराला टाचलं असतं तर तिला कळलंही नसतं. मागे ट्रक आले असते, वेल्डिंग आलं असतं, पत्र्यावरचे कावळे आले असते. पण तिचे शब्द आले असते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते माहीत होतं. कोणी परीक्षेत विचारलं असतं तर मी लिहिलं असतं.

दोन आठवडे मी ती सीडी घेऊन बसले. आवाज साफ करायचं एक सॉफ्टवेअर होतं, त्यातून सू काढली की हिरूबायचा आवाज बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा व्हायचा. मुंबईत ओळखीचे एक स्टुडिओवाले होते, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी दोनदा ऐकलं आणि हेडफोन खाली ठेवला. "ताई, जेवढं आत गेलंय तेवढं दिलं तुम्हाला. जे गेलंच नाही ते मी कुठून आणू?"

तेव्हा मी जूचंद्रला गेले. जायला हवं होतं त्याच्या दोन महिन्यांनंतर.

हिरूबाय ओटीवर बसली होती. काळीसावळी, मोठ्या हाडाची बाई. गळ्याला पांढरं फडकं बांधलेलं. गळ्याच्या भोकातून श्वास घेताना फडकं आत-बाहेर व्हायचं. मी वाकून नमस्कार केला. तिने माझ्याकडे बघितलं आणि ओठांनी काहीतरी म्हटलं.

"पानी देऊ का इचारते," वनिता म्हणाली.

स्टुलावरून माईक काढलेला होता, कपाटावर फडक्यात गुंडाळून ठेवला होता. मी वनिताला म्हटलं, "चूक माझी आहे."

तिने चहा ओतला. मग म्हणाली, "आमची पन हाय. दोन वर्सं बोलतोय, आयचं सगलं रेकॉर्ड कराचं. गल्यात दुखाला लागलं तवा आठवलं." तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "पन तुमची हाय, मॅडम. मी दोन्ही घेत होते."

मी चहा प्यायले. दुसरं काय करणार होते?

साफ होईल तेवढं साफ केलेली सीडी मी नेली होती. वनिताने कॉम्प्युटर सुरू केला आणि सासूच्या कानाला हेडफोन लावला. हिरूबाय ऐकत राहिली. हळूहळू तिचा हात आपोआप कानाकडे गेला, हेडफोनवर टेकला, आणि ती डुलायला लागली. ओठ हलायला लागले. आवाज नाही, पण शब्द ओठांवर पूर्ण. वनिता समोर बसली, वही घेतली आणि सासूच्या ओठांवरून लिहायला लागली. एखादा शब्द कळला नाही की हात वर करायची. हिरूबाय थांबायची, तोच शब्द पुन्हा सावकाश ओठांनी म्हणायची. वनिता मोठ्याने म्हणून बघायची, "खारीच्या कराला?" हिरूबाय जोरजोरात मान हलवायची. नाही. पुन्हा. "खारीच्या कांठाला?" हो.

मी दर रविवारी जायला लागले. हेडफोन लावून द्यायचे, फाईल मागे-पुढे करून द्यायचे. एका रविवारी दोन, कधी तीन कडवी व्हायची. हिरूबाय दमायची. पण ती कडक होती. वनिताने चाल चुकवली की मांडीवर चापट मारायची. एकदा मलाही मारली, मी चुकीच्या जागी फाईल थांबवली म्हणून. फाल्गुनापर्यंत हळद झाली, मांडव झाला, पाणी झालं, पाठवणीही बरीचशी झाली. वनिताच्या दोन वह्या भरल्या.

राहिलं होतं आवतण. मी साडेसात मिनिटांची ती फाईल लावली. हिरूबायने पहिल्या क्षणी ओळखलं. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि तोंडावर हात धरला.

"आय, नुसतं ओठांनी बोल. मी लिवते," वनिता म्हणाली.

हिरूबायने मान हलवली. मग देवळीतल्या दिव्याकडे बोट केलं, आणि आत काम करणाऱ्या नातीकडे. वनिताची मुलगी कॉलेजला जात होती.

"पोरीच्या लग्नात बोलंल, बोलते," वनिताने मला सांगितलं. "एकदा खोटं बोलवलं तेवढं पुरे, बोलते. लोक येऊन परत गेले."

वनिताने दोन-तीनदा विनवलं. मीही हात जोडले. हिरूबायने माझे जोडलेले हात धरून खाली ठेवले. तिचा राग नव्हता. मला वाटतं, ते ऑपरेशनच तिला त्या खोट्या आवतणाची शिक्षा वाटत होती. तसं ती कधी म्हणाली नाही. म्हणजे ओठांनीही म्हणाली नाही.

पुढच्या पावसाळ्यात गाठ पुन्हा आली, या वेळी छातीत. श्रावणात ती गेली. नातीचं लग्न त्यानंतर दीड वर्षाने झालं.

मला आमंत्रण होतं. वनिताच धवले म्हणणार होती. तिचा आवाज सासूसारखा नाही, बारीक आहे, शाळेतल्या बाईसारखा स्वच्छ. पण तिने हळदीचं सगळं न बघता म्हटलं. गावातल्या म्हाताऱ्या बायका ऐकत होत्या आणि एकमेकींकडे बघून मान हलवत होत्या, ती पसंतीने की नापसंतीने हे मला कळलं नाही. मग आवतणाची वेळ आली. दिवा लावला. वनिता पाटावर बसली आणि गप्प राहिली. मांडवात कोणालातरी वाटलं ती विसरली, म्हणून मागून एक बाई म्हणाली, "बोल गो, वने."

"मना येत नाय," वनिता म्हणाली. "आय घेऊन गेली."

हिरूबायपेक्षा मोठी अशी एकच बाई तिथे होती, तिला धड ऐकू येत नव्हतं. वनिताने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग तिने दिव्याकडे तोंड केलं आणि साध्या बोलण्यातल्या आवाजात, हजेरी घ्यावी तसं, म्हणाली, "हिरूबाय. लग्नाला या." मग सासऱ्याचं नाव घेतलं. मग लहानपणी गेलेल्या दिराचं. थोडा वेळ गेला आणि मागून एका बाईने एक नाव सांगितलं. मग दुसरीने. वनिता प्रत्येक नाव घेऊन म्हणत होती, लग्नाला या. पाच मिनिटांत आटोपलं. चाल नव्हती.

मी जेवले, वधूला पाकीट दिलं आणि घरी आले. त्या आठवड्यात बटणाचे माईक काउंटरच्या मध्यावर आणून ठेवले आणि गिऱ्हाइकाला घराबद्दल विचारायच्या आधी म्हणायला लागले, "इथे बसा आणि जरा गाऊन दाखवा." लोक लाजायचे, पण गायचे. दुकान बंद करेपर्यंत मी तसंच केलं. त्यातून बऱ्याच लोकांचं भलं झालं असेल. हिरूबायचं झालं नाही.

वनिता आता त्या भागातली धवलारीण आहे. आसपासच्या गावांतून तिला बोलावणी येतात, तिच्या हाताखाली तीन-चार मुली शिकतात. मध्यंतरी एका लग्नात भेटली, तेव्हा त्यांतली एक मुलगी दिव्यापुढे बसून नावं घेत होती, साध्या आवाजात, एकेक करून, लग्नाला या, लग्नाला या. मी शेजारच्या बाईला मुद्दाम विचारलं, हे गात नाहीत का? ती म्हणाली, नाही हो, हे असंच असतं, पितरांची नावं गायची नसतात, नुसती सांगायची असतात, पूर्वीपासूनची रीत आहे.

वनिता माझ्या पलीकडेच बसली होती. तिने ऐकलं. आम्ही दोघीही काही बोललो नाही.